टाकाऊ दगडांची कैफियत

फराळाचे ताट पुढ्यात घेऊन हा अंक चाळणाऱ्या वाचकाला शिशाच्या एका बंद पडलेल्या खाणीची गोष्ट सांगायची, म्हणजे भर लग्नघरात जमाखर्चाची वही उघडण्यासारखे आहे, हे मी जाणून आहे. पण इलाज नाही. दिवाळीच्या रात्री आपल्या अंगणात जो तांबडाभडक उजेड पडतो त्याचे गोत्र त्या खाणीत आहे. आणि ज्या दिवाळी अंकांचे कौतुक आपण मराठी माणसे १९०९ सालापासून, म्हणजे काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून, करीत आलो आहो, ते अंक तर कित्येक दशके शिशावाचून निघूच शकले नसते. छपाईचे खिळे शिशाचे. त्यात कडकपणासाठी अँटिमनी आणि थोडे कथील. जावजी दादाजींच्या निर्णयसागराने देवनागरी अक्षराला जे देखणे वळण दिले ते शिशातच ओतलेले होते. आपल्या आजोबांनी वाचलेल्या बहुतेक कथा, कविता आणि साहित्यिकांची बहुतेक भांडणे कुणा जुळाऱ्याने तासन्‌तास उभे राहून शिशात जुळवली होती. तेव्हा शिशाला वर्षातून एकदा घटकाभर बसायला पाट दिला, तर काही बिघडत नाही.

माझे भांडण शिशाशी नाही. ते एका शब्दाशी आहे, आणि तो शब्द 'निकामी' हा होय. जुन्या खाणीविषयी कुठल्याही पुस्तकात पाहा. एक ठरलेले वाक्य सापडते. अमुक साली खाण सुरू झाली, तमुक साली खनिज संपले, मग ती निकामी होऊन ओस पडली. वाक्य इतके गुळगुळीत आहे की त्यावरून डोळा घसरतो. पण निकामी ठरवली कोणी? ज्याच्या हाती हिशेबाची वही होती त्याने. दगडाला कोणी विचारले नाही, आणि तो खणणाऱ्या माणसालाही कोणी विचारले नाही. मालाला भाव मिळेना, पाणी उपसण्याचा खर्च परवडेना, म्हणून दरवाजा बंद झाला. एवढ्या व्यापारी गोष्टीला आपण भूगर्भाचा निवाडा समजून बसलो.

माझा साक्षीदार दूरचा आहे. स्कॉटलंडच्या पश्चिम डोंगराळ मुलखात सूनार्ट नावाच्या खाडीच्या माथ्याशी स्ट्रॉन्टीअन नावाचे एक लहानसे गाव आहे. तिथल्या गेलिक भाषेत त्या नावाचा अर्थ 'पऱ्यांच्या टेकडीचे नाक' असा होतो. (आपल्याकडे अशा जागेला लोकांनी साती आसरांचा माळ म्हटले असते.) १७२२ च्या सुमारास गावामागच्या डोंगरात शिशाच्या शिरा सापडल्या. सर अलेक्झांडर मरे हा तेव्हाचा जमीनमालक; स्वप्ने मोठी आणि गाठीला पैका थोडा, अशा जातीचा. पुढे १७३० मध्ये खाणी यॉर्क बिल्डिंग्ज कंपनी नावाच्या लंडनच्या मंडळींकडे गेल्या. ही कंपनी मूळची लंडनला पाणी पुरवणारी. मग बंडखोरांच्या जप्त जमिनी विकत घेऊन सावकार बनलेली. आणि शेवटी बुडालेली. तिने डोंगरात मजुरांची वस्ती वसवली आणि वस्तीला आपले नाव दिले. शिसे निघाले, पण कंपनीचे नशीब उजळले नाही. त्यानंतर कधी हा ठेकेदार, कधी तो, असे करीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुख्य काम थांबले. पुढे अधूनमधून कोणी हात मारून पाहिला. हिशेबाच्या वहीप्रमाणे गोष्ट इथे संपते.

आता वही मिटा आणि दगडाकडे बघा.

स्ट्रॉन्टीअनचा डोंगर ग्रॅनाइटचा आहे. सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वी वितळलेला खडक खालून वर घुसला आणि त्याहूनही जुन्या, दाबाने-उष्णतेने रूप पालटलेल्या खडकांच्या कुशीत थंड झाला. ग्रॅनाइट आणि जुना खडक जिथे एकमेकांना भेटतात तो सांधा म्हणजे कच्चा दुवा. पुढे पुष्कळ काळाने त्या सांध्याच्या आसपास भेगा पडल्या, आणि खोलवरून कढत, खारट पाणी त्या भेगांतून वर चढू लागले. त्या पाण्यात शिसे होते, जस्त होते, गंधक होते, आणखी बरेच काही होते. वर येता येता पाणी निवत गेले आणि पोटातला ऐवज भेगेच्या भिंतींवर थराथराने बसवत गेले. बंबाच्या तोटीत क्षार साचतो ना, तशातलाच प्रकार, फक्त घाई बिलकुल नाही. अशा भरलेल्या भेगेला खाणीवरची माणसे शीर म्हणतात, आणि ते नाव अगदी योग्य आहे.

त्या शिरेत मानाचे पान गॅलिनाचे. शिसे आणि गंधक यांचे हे संयुग. करड्या पोलादासारखी झाक, फोडले तरी चौकोनी ठोकळ्यांतच फुटणार, आणि वजन असे की लहानसा तुकडा हातात घेतला तर मनगट दचकते, पाण्याच्या साडेसातपट. शंभर भार शुद्ध गॅलिनात सुमारे ८६ भार शिसे असते. त्याच्या संगतीला स्फॅलेराइट, म्हणजे जस्ताचे खनिज. हे दिसायला मौल्यवान आणि भट्टीत शिसे मात्र देत नाही, म्हणून युरोपातल्या जुन्या खाणकामगारांनी त्याचे नावच 'फसव्या' अशा अर्थाचे ठेवले. आणि या दोघांभोवती सगळीकडे पांढरा-पिवळट पसारा: कॅल्साइट, गारगोटी, आणि वजनाने भारी पण भावाने हलका असा बराइट. खाणमालकाला हवे फक्त गॅलिना. हातोड्याने फोडायचे, करडे तेवढे निवडायचे, बाकीचे डोंगराच्या उतारावर लोटून द्यायचे. म्हणजे खाणीच्या तोंडाशी जे ढीग दिसतात ते वस्तुतः मालकाच्या नापसंतीचे ढीग आहेत. त्या नापसंत मालातच जगाला एक नवे मूलद्रव्य सापडले.

ते असे. १७८७ च्या सुमारास खनिजांचा एक फिरता विक्या स्ट्रॉन्टीअनचा एक फिकट, हिरवट-पिवळसर, झाडूच्या काड्यांसारखा पसरलेला दगड एडिंबरो शहरात घेऊन आला. जाणत्यांनी तो बेरियमचा कार्बोनेट ठरवला आणि कपाटात ठेवला. त्यापूर्वीही असे काही तुकडे संग्राहकांच्या कपाटांत येऊन पडलेच होते. १७९० मध्ये अडेअर क्रॉफर्ड नावाचा लंडनचा वैद्य बेरियमच्या क्षाराचा औषध म्हणून उपयोग तपासत होता. विल्यम क्रुकशँक या त्याच्या साहाय्यकासह काम करताना त्याच्या ध्यानात आले, की स्ट्रॉन्टीअनच्या दगडापासून केलेला क्षार बेरियमच्या क्षारासारखा वागत नाही. पाण्यात विरघळण्याची रीत वेगळी, स्फटिकांचा घाट वेगळा. मग ग्लासगोच्या टॉमस चार्ल्स होपने तो दगड मन लावून तपासला आणि १७९३ साली एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचून सांगितले, की ही माती नवी आहे, आणि हिचे क्षार ज्योतीला लालभडक रंग देतात. जर्मनीत क्लापरोथ स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोहोचला. १८०८ मध्ये हम्फ्री डेव्हीने विजेच्या साहाय्याने त्या मातीतून धातू मोकळा केला. गावावरून त्याचे नाव स्ट्रॉन्शियम.

शाळेच्या पुस्तकात यातले किती येते? 'शोधक: डेव्ही, १८०८.' झाले! परीक्षेला एक गुण. डेव्ही मोठा होता, प्रश्नच नाही. पण वरातीत शेवटी येऊन नवरदेवाच्या घोड्याचा लगाम धरावा तसा तो या कथेत आला आहे. ढिगाऱ्यातून वेगळा दिसणारा दगड बाजूला ठेवणारा कामगार, आणि तो गावाच्या नावानिशी शहरात नेऊन विकणारा विक्या, या दोघांची नावेही आपल्या हाती नाहीत. त्यांतल्या विक्याचे उपकार मला सर्वांत मोठे वाटतात. त्याला रसायनशास्त्रातले ओ की ठो कळत नसेल. परंतु दगड कुठला, हे त्याने सांगितले. स्ट्रॉन्टीअनचा म्हणून सांगितला, म्हणूनच क्रॉफर्डला 'इथला' आणि 'तिथला' अशी तुलना करता आली, आणि होपला आणखी माल मागवता आला. नाव पुसून गेले असते तर तो एक विचित्र वागणारा बेरियमचा तुकडा ठरून कपाटात धूळ खात राहिला असता.

सांगायचे म्हणजे, दगडाचे निम्मे मोल त्याच्या गावात असते.

या गावाचे दैव मोठे खट्याळ आहे. १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली, तेव्हा इथल्या फुटून निघालेल्या लोकांनी प्रार्थनामंदिरासाठी जागा मागितली. जमीनदाराने दिली नाही. लोकांनी वर्गणी काढून लोखंडाचे तरंगते चर्चच बांधून घेतले आणि १८४६ मध्ये ते खाडीत नांगरून टाकले. शंभर माणसे आत शिरली की ते इंचभर बुडे, आणि त्यावरून कुठल्या उपदेशकाला किती गर्दी हे किनाऱ्यावरून मोजता येई, असे म्हणतात. ज्या गावाला देवळापुरती जमीन मिळाली नाही त्याचे नाव मूलद्रव्यांच्या तक्त्यात कायमचे जाऊन बसले आहे. तक्त्यात गावाचा असा मान दुसऱ्या एकाच खेड्याला विशेष लाभला आहे, तो स्वीडनमधल्या इटर्बीला. तिथल्या खाणीने तर चार मूलद्रव्यांना नाव दिले. तेही ठिकाण हिशेबवाल्यांच्या लेखी केव्हाच निकामी झालेले!

डोंगराकडे परत येऊ. शिसे संपले म्हणून विज्ञानाचे काम संपले असेही नाही. डब्ल्यू. क्यू. केनेडी या भूशास्त्रज्ञाने १९४६ साली स्ट्रॉन्टीअनचा ग्रॅनाइट आणि लॉख नेसच्या काठचा फॉयर्सचा ग्रॅनाइट एकाच अंगाचे दोन तुकडे आहेत, असा दावा मांडला. स्कॉटलंडला तिरपी चिरून जाणारी जी महाभेग आहे, तिच्या दोन बाजू एकमेकींवरून सुमारे १०५ किलोमीटर आडव्या सरकल्या, आणि हे दोन भाऊ ताटातूट होऊन दूर पडले, असे त्याचे म्हणणे. पुढच्या अभ्यासकांनी हे भाऊपण नाकारले. पण जमीन अशी शेकडो मैल लांबीच्या भेगेवरून आडवी सरकू शकते, आणि तिथे ती सरकली आहे, हा मुद्दा टिकला. चुकीच्या नातेसंबंधावरून खरी गोष्ट निघावी, असे आपल्या वंशावळ्यांतही क्वचित घडते.

त्या फेकलेल्या बराइटचे काय झाले तेही ऐका. १९८० नंतरच्या दशकात उत्तर समुद्रात तेलविहिरी खणण्याचा सपाटा चालू होता. विहीर खणताना भोकात जो जड चिखल भरावा लागतो त्याला बराइट लागतो. आणि स्ट्रॉन्टीअनच्या डोंगरात पुन्हा यंत्रे आली. या वेळी शिशासाठी नव्हे, बराइटसाठी. ज्याला मळ म्हणून अडीचशे वर्षे लाथाडले, तोच मालक झाला! हिशेबाच्या वहीनेच हिशेबाच्या वहीला खोटे पाडल्याचा याहून ठसठशीत दाखला मला माहीत नाही.

आणि स्ट्रॉन्शियम? जर्मनीत बीटाच्या मळीतली साखर सोडवण्याला ते लागे. घरोघरचा जुना, पोट सुटलेला दूरचित्रवाणी संच आठवतो का? त्याच्या पुढच्या जाड काचेत ते मिसळलेले असे, आतले क्षकिरण अडवण्यासाठी. आज जगातल्या अत्यंत अचूक घड्याळांपैकी काही स्ट्रॉन्शियमच्या अणूंवर चालतात. त्याचे एक काळे पानही आहे. १९५० नंतरच्या अणुस्फोटांच्या धुरळ्यातून स्ट्रॉन्शियम-९० गवतावर, गवतातून गाईच्या दुधात, आणि दुधातून मुलांच्या हाडादातांत उतरले. पऱ्यांच्या टेकडीच्या नावाला लागलेला तो बट्टा होय. त्यात दगडाचा दोष नव्हता. ते द्रव्य माणसाने घडवले होते.

आता आपल्या अंगणात या. भुईनळ्याचा तांबडा उजेड, रंगीत काड्यांची लाल ज्योत, आकाशात फुटणाऱ्या बाणाची लाल फुले, ही स्ट्रॉन्शियमच्या क्षारांची करामत. हिरवा रंग बेरियमचा. म्हणजे स्ट्रॉन्टीअनच्या शिरेत शिशाशेजारी जे दोन टाकाऊ भाऊ बसले होते, तेच आपल्या दिवाळीचे रंगारी. आपल्या फटाक्यांतला माल त्या गावाहून येत नाही, दुसरीकडच्या खनिजांतून येतो. पण होपला ज्योतीत दिसलेला लाल रंग हाच. बेरियमचा हिरवा रंग मात्र आता न्यायालयात उभा राहिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली फटाक्यांत शिसे, पारा, आर्सेनिक, अँटिमनी आणि लिथियम वापरण्यास मनाई केली आणि २०१८ साली बेरियमच्या क्षारांवरही बंदी घातली. हवेच्या दृष्टीने ते योग्यच झाले.

इथे मला दुसऱ्या एका मंडळीचा समाचार घ्यायचा आहे. ही हिशेबवाल्यांच्या उलट टोकाची. यांना पडकी खाण दिसली की गहिवर येतो. ढासळलेल्या भिंती, शेवाळलेली धुराडी, गंजलेले रूळ. काय ती शांतता, काय ती उदासी! छायाचित्रे निघतात, कविता होतात. यांच्याही लेखी खाण निकामीच, फक्त सुंदर निकामी. अहो, तो ढीग उदास बिदास काही नाही, तो कामात आहे! पावसाचे पाणी त्यातून झिरपते, शिसे हळूहळू मातीत आणि ओढ्यात उतरते. इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यात शिशाच्या खाणींजवळच्या कुरणात चरून मरणाऱ्या गुरांच्या रोगाला लोकांनी 'बेलंड' असा खास शब्दच घडवला होता. भाषेत शब्द तेव्हाच होतो जेव्हा दुःख रोजचे होते. हिशेबवाला म्हणतो ढिगात काही उरले नाही, भावनावश म्हणतो ढिगात फक्त आठवणी उरल्या. आणि ढीग आपला निमूटपणे विष पाझरतो.

शिशाच्या विषाची गोष्ट परक्या मुलखाची समजू नये. मारुतीला आणि गणपतीला आपण जो शेंदूर चढवतो, तो अस्सल असला तर शिशाचा ऑक्साइड. काळाभोर सुरमा म्हणून डोळ्यांत घालतात तो पुष्कळदा गॅलिनाच असतो, कुटून वस्त्रगाळ केलेला. देवाला शेंदूर लावू नका असे मी म्हणत नाही. मारुती समर्थ आहे, त्याला काही होणार नाही. पण तोच हात धुतल्यावाचून तान्ह्या बाळाच्या तोंडाशी जाऊ नये, आणि बाजारचा सुरमा बाळाच्या डोळ्यांत मुळीच जाऊ नये. लहान मुलाच्या मेंदूला शिशाचा थोडासा अंशही सोसत नाही. मोटारीच्या पेट्रोलमध्ये शिसे घालण्याची खोड आपल्या देशात २००० साली सुटली. घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा २०१७ पासून लागू आहे. इतके सगळे शिसे डोंगरातून निघून आपल्या भिंतींवर, रस्त्यांवर आणि हाडांत येऊन बसले, आणि आपण मात्र म्हणत राहिलो की खाण बंद झाली.

शिसे विसरतही नाही. त्याच्या अणूंचे काही प्रकार असतात, आणि त्यांचे परस्परांशी प्रमाण खाणीखाणीगणिक वेगळे पडते. वितळवा, ओता, नाणी पाडा, ते प्रमाण जवळजवळ तसेच राहते. ग्रीनलंडच्या बर्फात रोमन काळच्या भट्ट्यांचे शिसे शास्त्रज्ञांनी ओळखून काढले आहे. आता आपल्याकडचे पाहा. सातवाहन राजांनी शिशाची नाणी पाडली, हे महाराष्ट्राच्या इतिहासाचे एक नवल आहे. भडोच बंदरात जो माल परदेशांहून उतरे त्यात शिसेही होते, असे 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात नोंदलेले आहे. मग एखाद्या सातवाहन नाण्यातले शिसे देशी की दर्यापारचे, असा प्रश्न पडला तर उत्तर कुठे शोधायचे? प्रयोगशाळेत नाण्याचा कण तपासता येतो, पण तो ताडून कशाशी पाहायचा? जुन्या, ओस पडलेल्या खाणींच्या ढिगांतल्या दगडांशी! ज्या दगडावर गावाचे नाव लिहून ठेवले आहे अशाच दगडाशी. ढीग उचलून रस्त्याच्या भरावात घातला की तो साक्षीदार कायमचा गेला.

माझी मुख्य तक्रार आता येते, आणि ती स्कॉटलंडविषयी नाही. स्ट्रॉन्टीअनच्या शिरेत हार्मोटोम आणि ब्रूस्टराइट नावाची दोन सुंदर खनिजे मिळतात. ब्रूस्टराइट तर १८२२ साली तिथल्याच नमुन्यांवरून जगाला कळले आणि प्रकाशशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टरचे नाव त्याला मिळाले. ही दोन्ही झिओलाइट कुळातली. १७५६ मध्ये क्रॉन्स्टेड या स्वीडिश पंडिताने एक दगड तापवला तर तो उकळल्यासारखा फेसाळला, म्हणून त्याने 'उकळता दगड' अशा अर्थाचे हे कुळनाव ठेवले. या कुळाची जगातली थोर राजधानी कुठे असेल? आपल्या पायांखाली. पुणे, नाशिक, जळगाव, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) या टापूत सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले. त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, आणि पुढे त्या पोकळ्यांत झिरपत्या पाण्याने झिओलाइटे आणि त्यांचे सोबती उमलवले. स्टिल्बाइटच्या मोतिया जुड्या, अपोफिलाइटचे पाण्यासारखे निळसर-हिरवे मनोरे, आणि पुण्याजवळच्या वाघोलीचा कॅव्हन्साइट, मोरपिसाच्या निळ्या रंगाचा. हा कॅव्हन्साइट प्रथम अमेरिकेत ओळखला गेला. पण वाघोलीच्या तोडीचा जगात कुठे नाही. १८६३ साली बोरघाटातला लोहमार्ग पुरा झाला, तो घाट फोडताना असले स्फटिक ढिगांनी निघाले आणि साहेबांनी ते आपल्या देशी नेले. परदेशांतल्या बड्या संग्रहालयांत आपले दगड आज दिव्याखाली बसले आहेत. आणि आपल्या शाळकरी मुलाला विचारा, तुझ्या गावच्या खडकाचे नाव काय? तो म्हणतो, काळा दगड.

नेले याचे मला दुःख नाही. नेले म्हणून वाचले तरी. दुःख याचे, की त्यांतल्या पुष्कळांखाली 'पूना, इंडिया' एवढेच लिहिलेले असते. पुणे कुठले? कुठल्या गावची विहीर, कुठला दगडखाणीचा सज्जा, किती हात खोल? वाघोलीची आणि बोरघाटाची ओळख एका शब्दात बुडाली. काही दलाल तर गाव मुद्दाम लपवतात, दुसऱ्याने तिथे जाऊ नये म्हणून. स्कॉटलंडच्या त्या अनाम विक्याइतकाही प्रामाणिकपणा आपल्या बाजाराला जमू नये?

यावर एक शहाणा आक्षेप ठरलेला आहे. लोकांना रस्ते हवेत, घरे हवीत. खडी फोडू नये तर काय दगडांची पूजा करावी? तर उत्तर असे, की जरूर फोडा. क्रशर बंद करा असे कुठे मी म्हटले? स्ट्रॉन्टीअनलाही कुणी शिसे काढणे थांबवून मूलद्रव्याचा शोध लावला नाही. काम चालू असतानाच एक वेगळा तुकडा बाजूला पडला, आणि त्याच्यासोबत एक नाव गेले, बस. सुरुंगानंतर पोकळी उघडली, की मुकादमाने दहा मिनिटे थांबावे. वेगळा तुकडा कागदात गुंडाळावा. कागदावर गाव, खाण, खोली, तारीख. याला खर्च किती? कागदाचा. दुसरा आक्षेप, हे काम सरकारचे. सरकारचे असेल, सिन्नरला 'गारगोटी' नावाचे जे खनिजसंग्रहालय उभे आहे ते मात्र एका माणसाच्या हौसेतून आले, आणि ज्याला शंका असेल त्याने सुट्टीत मुलाबाळांना घेऊन तिथे जावे. परंतु एक संग्रहालय पुरे पडत नाही. तालुक्याच्या प्रत्येक शाळेत, जिथे नेत्यांच्या तसबिरींना चार भिंती अपुऱ्या पडतात, तिथे तालुक्याच्याच दगडांसाठी एक फळी का असू नये? मास्तरांना खनिजांची नावे ठाऊक नसली तरी चालेल. नाव मागून येते, स्ट्रॉन्शियमचेही मागूनच आले. गाव मात्र त्याच दिवशी लिहावे लागते.

आणि सुरुवात करायला दिवाळीइतका चांगला मुहूर्त नाही. आपली पोरे या दिवसांत किल्ला करतात. दगड, माती, विटांचे तुकडे जिथून मिळेल तिथून गोळा होतात. कुणाच्या खणलेल्या विहिरीच्या ढिगावरून, कुणाच्या पायाच्या खड्ड्यातून. बुरुजाखाली घालण्यापूर्वी एखादा दगड उलटून बघा. आत पांढरी चमकती पोकळी दिसली तर तो बुरुजात घालू नका, आणि तो नेमका कुठून आणला हे पोराला आजच विचारून घ्या. भाऊबीज झाली की त्याला आठवणार नाही.